सिंहवाल्याचा तान्हा पोळा

रुपराव परत आला तेव्हा कौसल्या लाकडी बैलाची झूल शिवत होती आणि तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी नागपूरच्या सक्करदऱ्यात मशीनवर बसलेल्या बाईला मान वर करायची सवडच नसते. आदल्या दिवशी माणसं खऱ्या बैलांची हौस करून मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल निघतात आणि पोरांच्या हौसेला काही धरबंध नसतो. सकाळपासून गल्लीतलं एकेक पोरगं येऊन जात होतं. कुणाला जरीची किनार हवी, कुणाला गोंडे, तर कुणाला शेजारच्या पोराच्या बैलाहून लांब झूल हवी. शेजारचं पोरगं तासाभराने तेच सांगून जाई.

"आता नवीन काम घेत नाही," ती म्हणाली. "ज्याची झूल झाली असंन त्यानं उचला अन् जा."

समोरच्या माणसाने फळीवरची एक तयार झूल उचलली, उलटी केली आणि मागची टीप पाहिली. गिऱ्हाईक कपडा पुढून पाहतं, मागून पाहतो तो शिंपी. कौसल्याचा पाय मशीनवर जागच्या जागी थांबला.

"टीप सरळ आहे," तो माणूस म्हणाला. "बाबांच्यापेक्षा सरळ."

सहा वर्षांनी नवरा बायकोशी पहिलं वाक्य बोलला ते हे. कौसल्याने या दिवसासाठी मनात एक लांबलचक भाषण रचून ठेवलं होतं. भांडी घासताना, काजं करताना, ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसल्या बसल्या ती त्यात भर घालत आली होती. पण आज त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ. रुपराव वाळला होता, कानांजवळ पांढरा झाला होता आणि नागपुरात फक्त बँडवाल्यांना शोभेल असा पोपटी सदरा घालून उभा होता. पायाशी पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर सोंड वर केलेला हत्ती रंगवलेला.

"पाणी पिता?" ती म्हणाली.

"हाव."

तो पाणी प्यायला. तिने विचारलं, "राहाले आले का भेटाले?"

"सर्कशीची गाडी बिलासपूरहून अकोल्याले चालली होती. नागपूरले इंजिन बदलत होते. उतरलो."

"म्हणजे इंजिन बदललं नसतं तं?"

"परवा अकोल्याले तंबू उभा राहते," तो हळूच म्हणाला. "पुढचं तू म्हणशीन तसं."

"मी काही म्हणत नाही. मी झूल शिवून राहिली," कौसल्या म्हणाली आणि तिने मशीन असं दामटलं की सुई मोडली.

तिला स्वतःची काळजी नव्हती. नवऱ्यावाचून जगता येतं हे तिने शिकून घेतलं होतं, दुकानही तिने सासऱ्याच्या वेळेपेक्षा बरं चालवलं होतं. काळजी होती ती पोरांची. हा दोन दिवस राहील, पोरांना लळा लावील आणि परवाच्या गाडीने निघून जाईल. मोठा मधुसूदन एकदा त्यातून गेला होता, पाच वर्षांचा असताना. तेव्हा तो महिनाभर दुकानाच्या पायरीवरून उठत नव्हता. धाकट्या नत्थूला तसं पायरीवर बसलेलं तिला पाहायचं नव्हतं.

तेवढ्यात आतून कांताबाई आली. ही कौसल्याची आतेसासू, म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. हातात करंज्यांची परात, आणि ती परात तिने खाली टाकली नाही एवढंच नशीब.

"अवं माय! रूप्या!" ती एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. "दादा, ऐकतं काय? रूप्या आला!"

मागच्या खोलीत बाजेवर धोंडबा बटणं टाकत बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. सहा वर्षांपूर्वी रुपरावाने एका नवरदेवाचा कोट शिवला आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. नवरदेव कोट चढवायला गेला तर उजवा हात मागेच वळायला लागला. धोंडबाने भर दुकानात, नवरदेवाच्या मामासमोर, पोराचे असे काही वाभाडे काढले की रुपराव जो गेला तो थेट कस्तुरचंद पार्कावरच्या सर्कशीत. तिथे त्यांना शिंपी हवाच होता. धोंडबाने त्याच दिवशी जाहीर केलं की या घरात त्याचं नाव निघता कामा नये, आणि म्हातारा शब्दाचा पक्का होता.

"कांते," तो आतून म्हणाला, "लोकं आज मारबतीचा पुतळा काढून पीडा गावाबाहेर नेऊन राहिले. आपल्या घरी ते पेटी घेऊन चालत आली. बसाले सांग त्याले."

"तूच सांग ना."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

म्हणून मग सगळेजण आत बसले. रुपराव पेटीवर, कांताबाई बाप-लेकाच्या मधे आणि कौसल्या दाराला टेकून उभी. करंज्या फिरल्या. रुपरावाने तीन खाल्ल्या आणि चौथी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा कौसल्याने तोंड उघडलं.

"खाऊन घ्या. मंग एक गोष्ट ऐका. तुमचा धाकटा गल्लीभर सांगत फिरते का माझा बाप सर्कशीत सिंहाच्या तोंडात हात घालते."

रुपराव खो खो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाही. करंजी परत परातीत गेली.

"मी? मी तं जोकरच्या चड्ड्या शिवतो."

"माहीत आहे मले. समोरचा रामाजी रायपूरले तुम्हाले पाहून आला होता. पण पोराले कोण सांगन? गल्लीतले पोट्टे त्याच्यामागं फिरतात. मारामारी झाली का म्हणते, थांबा, माझ्या बाबूजीले सांगतो."

"असं कोणं भरवलं त्याच्या डोक्यात?"

"त्याच्याच डोक्यातून निघालं असंन. सातवं वर्ष आहे, काहीबी निघते."

बाजेवर धोंडबाला अचानक सुईत दोरा ओवता येईना. त्याने दोरा ओला केला, पिळला, डोळ्यांजवळ नेला. कांताबाई त्याच्याकडे पाहत राहिली. साठ वर्षं ती या भावाला ओळखत होती.

"दादा," ती म्हणाली, "सुई खाली ठेव अन् इकडं पाह्य."

धोंडबाने सुई खाली ठेवली, पण पाहिलं भिंतीकडे. "पोरगं रडत होतं," तो म्हणाला. "विचारे, माझा बाप तिथं काय करते. मी काय सांगू, चड्ड्या शिवते?"

"मामाजी!" कौसल्या म्हणाली. "तुमी?"

"मंग एकदम सिंहच?" कांताबाईने विचारलं.

"पहिले घोडा सांगितला होता. घोड्यानं त्याचं समाधान झालं नाही."

कौसल्याला हसू आलं. ज्या माणसाचं नाव घरात काढायची बंदी, त्यालाच म्हातारा रोज दुपारी नातवापुढे सिंहाच्या पिंजऱ्यात उभा करत होता. ती दुकानात मशीन चालवते आहे आणि सासरा मागच्या खोलीत तिच्या नवऱ्याला शूरवीर बनवतो आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

"कांते, त्याले सांग," धोंडबा घसा खाकरून म्हणाला, "का पोरासमोर सिंहाचंच चालू ठेवाचं. आज तोरणाखाली सारी गल्ली जमते. पोट्ट्याची फजिती नको."

"बाबा म्हणतात तं सांगतो," रुपराव म्हणाला. "मले काय? सिंह तं सिंह."

जन्मात पहिल्यांदा बाप आणि लेक एका बाजूला आले होते, आणि तेही एकमेकांशी न बोलता. कौसल्या भडकली.

"काही सांगाचं नाही! परवा गाडीत बसणारा माणूस आज खोटं बोलून जाईन. अन् ते खोटं मी किती वर्षं सांभाळू? पोरगं वीस वर्षांचं झालं तरी सिंह सांगत बसू?"

"एवढ्या सणाच्या दिवशी," कांताबाई भाच्याच्या बाजूने म्हणाली, "एक दिवस सिंह असला तं काय बिघडते वं?"

"तुमी बी, आत्याबाई?"

कांताबाईने भाच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि करंज्यांची परात उचलून ती सुनेच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "हाव," ती म्हणाली. "कौसल्या म्हणते तेच बरोबर. तुमी दोघंही गप राहा."

"मी कुठं बोललो?" धोंडबा म्हणाला.

अशी ही बैठक चालली असतानाच पोरं आली. मधुसूदनने बैल छातीशी धरला होता. नत्थू मागून, हातात बैलाची दोरी. मधुसूदन उंबऱ्यात थबकला. त्याने पेटीवरच्या माणसाकडे एकदाच पाहिलं, बैल खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, झूल झाली काय?"

"हे कोण होय?" नत्थूने विचारलं.

खोलीत कुणी बोलेना. आणि जिथे कुणी बोलत नाही तिथे कांताबाईला राहवत नाही. "अरे, तुझे बाबूजी!" ती म्हणाली आणि लगेच तोंडावर पदर धरला.

नत्थू पेटीभोवती फिरला. त्याने पोपटी सदरा पाहिला, मिशी पाहिली, मग रुपरावाचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे केले आणि बोटं तपासली. सगळी होती. त्याचा चेहरा उजळला.

"सिंहानं एकबी नाही खाल्लं!" तो ओरडला, आणि कुणी धरायच्या आत बाहेर पळाला. पाठोपाठ गल्लीतून त्याचा आवाज येत राहिला, "आले! माझे बाबूजी आले! सिंहवाले!"

मधुसूदन झूल बैलावर चढवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुमी कपडे शिवता. मले आठवते. मी मशीनखाली बसत होतो."

"मंग नत्थूले काहून नाही सांगितलं गा?" रुपरावाने विचारलं.

"त्याले खुशी होत होती." मधुसूदनने गाठ मारली आणि आजोबांच्या बाजेकडे पाहिलं. "अन् आबाजीले बी."

तोरण भय्याजींच्या अंगणात बांधलं होतं. भय्याजींचं गल्लीच्या तोंडाशी धान्याचं दुकान. दरवर्षी तान्हा पोळा त्यांच्याकडे भरे, पोरांना बोजारा म्हणून खाऊही तेच वाटत, आणि आवाज असा की त्यांना लाऊडस्पीकरची गरज पडली नाही. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलांची रांग लागली होती. कागदी फुलं, काचेचे मणी, एका बैलाच्या शिंगांना तर चक्क बाईची कर्णफुलं. चाकं कुरकुरत होती, पोरं एकमेकांच्या बैलांना नावं ठेवत होती आणि बाया ओट्यावर गर्दी करून होत्या. पण आज बैलांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"या, या, सिंहवाले!" भय्याजी गरजले. "गल्लीचं नाव काढलं तुमी! आता दाखवा बरं, कसा घालता हात? हा बैलच सिंह समजा!"

पोरांनी गलका केला. नत्थू बापाचं बोट धरून असा उभा होता, जणू त्यानेच त्याला पकडून आणलं आहे. धोंडबा काठी टेकत पुढे येऊन बसला आणि खोकला, मग पुन्हा खोकला. दम्याचा खोकला असा नसतो, हे सगळ्या घराला कळलं. कौसल्या मागे कांताबाईचा हात घट्ट धरून उभी होती. रुपरावाने आधी बापाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिने नजर वळवली. जे सांगायचं ते तिने सांगितलं होतं, आता त्याचं त्याने निस्तरायचं.

रुपराव नत्थूसमोर उकिडवा बसला.

"बेटा," तो म्हणाला, "मी सिंहाच्या तोंडात हात नाही घालत. मी तिथं कपडे शिवतो. सिंहाच्या जवळ बी नाही जात."

एक पोरगं फिदीफिदी हसलं. भय्याजींचं तोंड उघडंच राहिलं. नत्थूचा खालचा ओठ पुढे आला.

"आबाजी तं म्हणत होते..."

"आबाजीनं तुझ्या खुशीसाठी सांगितलं. सिंहवाला दुसरा आहे. मोठा मिशीवाला. पण एक सांगू काय? सिंहानं डरकाळी फोडली का तो मटकन खालीच बसे. बसला का विजार टर्रकन फाटे. रोजच्या खेळाले फाटे! मी पडद्यामागं सुई-दोरा घेऊन उभाच. तो पाठ न दाखवता मागं मागं चालत ये अन् म्हणे, रुपराव, लवकर, लोकं टाळ्या वाजवून राहिले!"

ओट्यावरच्या बाया आधी हसल्या, मग पोरं, मग भय्याजींचं पोट हलायला लागलं. नत्थू मात्र हसला नाही. त्याला अजून विचारायचं होतं.

"तुमाले भेव वाटे सिंहाचं?"

"लय."

"मंग पळत होते?"

"हाव," रुपराव म्हणाला. "मले पळाची सवय आहे, बेटा. इथून बी पळालो होतो मी. तेव्हा तं सिंहबी नव्हता. तुझे आबाजी होते."

गल्लीत सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती आणि आजवर कुणी ती धोंडबासमोर काढली नव्हती. म्हातारा काठी आपटत उभा राहिला.

"दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या या माणसानं!" त्याने साऱ्या गल्लीला सांगितलं.

"कापल्या होत्या," रुपराव म्हणाला.

"अरे, पण दोन बाह्यांसाठी कोणी घर सोडते काय रे? दुसरा कोट शिवला असता आपण! बसलो असतो दोघं रातभर! मी ओरडलो तं तू बी ओरडाचं होतं!"

बोलता बोलता धोंडबाचा आवाज फाटला आणि तो खाली बसला. कांताबाईने कौसल्याच्या हाताला चिमटा काढला. "बोलला," ती कुजबुजली. "दादा त्याच्याशी बोलला वं."

आता सगळं नत्थूवर होतं. तो बैलाच्या चाकाकडे पाहत विचार करत होता. मघाशी फिदीफिदी हसलेलं पोरगं पुढे आलं आणि म्हणालं, "तुझा बाप तं टेलर निघाला!"

नत्थूने मान वर केली. "सिंहवाल्याची विजार माझ्या बाबूजीनं शिवली," तो म्हणाला. "ते नसते तं सिंहवाला नंगाच राहला असता. तुझ्या बापानं शिवली काय कोण्या सिंहवाल्याची?"

भय्याजी इतके हसले की त्यांना कुणीतरी खाट आणून दिली. नत्थूने बापाचं बोट पुन्हा धरलं आणि बैल तोरणाखालून ओढत नेला. बक्षीस कर्णफुलांच्या बैलाला मिळालं, पण ते नत्थूला कळलंही नाही. तो फाटलेल्या विजारीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होता आणि प्रत्येक वेळी विजार जास्त फाटत होती.

मधुसूदन दिवेलागणीपर्यंत बापाशी बोलला नाही.

घरी आल्यावर रुपरावाने पेटी उघडून निळ्या मखमलीचा तुकडा काढला आणि पोरांचे सदरे कापायचे म्हणून दुकानातल्या फळीवर पसरला. नत्थूचं माप देऊन झालं. माप देताना त्याला गुदगुल्या झाल्या, म्हणून ते दोनदा द्यावं लागलं. रुपराव टेप गळ्यात अडकवून मोठ्या मुलाकडे वळला.

"तू येतं काय?"

मधुसूदन दाराशीच उभा राहिला. "अंदाजानं कापा."

"अंदाजच नाही ना माझ्याजवळ," रुपराव म्हणाला. "लय वेळा बसलो कापाले. जोकरचं एक पोरगं होतं तुझ्याएवढं, त्याले उभा करून पाहिलं. मंग वाटे, हा उंच असंन तं? खांद्यात रुंद असंन तं? कात्री तशीच ठेवून देत होतो. आपल्याच पोराचं माप माहीत नाही अशा शिंप्याले काय म्हणावं? इंजिन बदलत होते तेव्हा हेच डोक्यात होतं. म्हणून उतरलो."

हे त्याने दुपारी सांगितलं असतं तर सुई तरी वाचली असती, असं कौसल्याच्या मनात आलं.

मधुसूदन हळूहळू चालत फळीपाशी आला आणि त्याने दोन्ही हात पसरले. रुपरावाने खांदा मापला, छाती मापली. शेवटी बाही मापली. मग कापडावर वाकून त्याने खडूने बाहीची रेघ मारली आणि तिच्यापुढे चार बोटांवर दुसरी रेघ मारली.

"चार बोटं दुमडून आत घालतो," तो कौसल्याला म्हणाला. "वाढला का उसवून घेजो."

कौसल्या त्या दुसऱ्या रेघेकडे पाहत राहिली. सहा वर्षं तिने पोरांचा एकेक कपडा असाच शिवला होता. दरवर्षी दुमड उसवायची, बाही लांब करायची आणि जुन्या दुमडीची फिकट रेघ कितीही धुतली तरी दिसत राहायची. गल्लीतल्या बायका म्हणत, कौसल्या मोठी हिशेबी. हिशेबी कसली, पुढच्या वर्षी काय होईल याचा तिला कधी भरवसाच नव्हता.

"दुमड नका ठेवू," ती म्हणाली.

"अवं, वाढन ना तो. एका वर्षात आखूड होईन."

"होऊ द्या. मंग तुमी दुसरा शिवसान."

रुपरावाने खडू खाली ठेवला. मागच्या खोलीत धोंडबाचा खोकला एकदम थांबला.

"अन् अकोल्याचं?" मधुसूदनने विचारलं. त्याचे हात अजून पसरलेलेच होते.

"जोकरची चड्डी फाटली तं लोकं अजून हसतीन," रुपराव म्हणाला. "त्यांचं काही अडत नाही."

त्याने पुढची रेघ अंगठ्याने पुसली, एकदा, दोनदा, मखमलीवर खडूचा डागही उरणार नाही अशी, आणि कात्री उचलून बाही मुलाच्या मनगटाशी कापली.